बोंडी फू करते, दादा

दादा, पोट्टी उभी राह्यली! कशालेच न धरता! पलंगाची दांडी सोडली, दोन्ही हात वर केले, अन् उभी. मी मोजलं. सातपर्यंत मोजलं, मग धपकन बसली अन् स्वतःच टाळ्या वाजवल्या. मी लगेच फोन उचलला, तुहं नाव काढलं, अन् बोट तिथंच थांबलं. दोन महिने झाले, पण माह्या बोटाले अजून कोणी सांगतलंच नाई. त्या दिवशी घरात कोणी नव्हतं. सचिन ऑफिसात, सासूबाई देवळात. मग कोणाले सांगू? भिंतीले सांगतलं. खरंच, बह्याडासारखी भिंतीकडे पाहून म्हणलं, "पाहिलं का वं, उभी राह्यली!" भिंत काय बोलन.

तू बोलला असता. म्हणला असता, "सात काय, पिंके, नीट मोज, दहा असतीन. भाची कोणाची आहे!"

तू गेल्यापासून काय काय झालं ते एका दमात सांगते. रांगते तर अशी की घरात सापडत नाई, एकदा तांदळाच्या कोठीमागे सापडली. उंबरा ओलांडला, सचिननं नारळ फोडला, नारळ खवट निघाला. हात हलवून टाटा करते, पण माणूस गेल्यावर. दार लागलं, माणूस कोपऱ्यावर पोचला, मग हिचा हात हलते. झोपेत हसते. डाव्या हातानं खाते, सासूबाई उजव्या हातात घास देतात, ही डाव्यात घेऊन खाते. दात सहा झाले. वरचे चार, खालचे दोन. हे मी एकटीच मोजते, बाकी कोणी तिच्या तोंडाकडे पाहत नाई.

तुले माहीतच आहे काहून.

तू मले नेहमी म्हणे, "तुह्या मेसेजमधे टिंबच नसते, वाचणाऱ्यानं श्वास कुठं घ्याव?" आज टिंबं देऊन राह्यली. घे श्वास.

आठवते का, ती झाली तवा मी ढाणकीलेच होती, आईजवळ. तू आपल्या फवारणी पंप दुरुस्तीच्या दुकानातून आला अन् दारातच उभा. आई म्हणे, "ये ना, घे भाचीले." तू मागं सरकला. "पंपाचे हात आहेत माहे." मग मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, वास घेतला, अजून एकदा धुतले. मग घेतलं. अन् काय म्हणला? "ही तर कापसाचं न उमललेलं बोंड दिसते." बस, बोंडी झाली. बारशात नाव ओवी ठेवलं, सासरच्यांनी एवढं पुस्तक पाहून काढलं होतं, पण ओवी म्हणलं तर ती आजही पाहत नाई. बोंडी म्हणलं की मान फिरते.

तीन महिने मी तिथं होती, तीन महिने तू दर वेळी दोनदा हात धुतले. एकदाही चुकला नाई. हे मले आता राहून राहून आठवते.

मग मी सासरी, नेरले आली. सहाव्या महिन्यात उष्टावणाले तू आला, दुकान बंद ठेवून. ढाणकीहून बस, मग यवतमाळले दुसरी बस, इस्त्रीचा शर्ट घालून. खिरीचा पहिला घास मामाचा. तिनं तो घास तोंडात फिरवला, विचार केला, अन् फुर्रकन तुह्या शर्टावर. सारे हसले. तू म्हणला, "शर्टाचं उष्टावण झालं, आता पोरीचं करा."

मग राखी. मले राखीचंच सांगायचं आहे अन् मी उगाच इकडं तिकडं करून राह्यली.

यंदा कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती. माणूस आत शिरला की दिसत नव्हता, नुसता पंपाचा आवाज. अळी मरत नव्हती, लोकं आठ दिवसाआड फवारत होते, दोन-दोन औषधं एकत्र करून. अन् सारे पंप तुह्याकडे. दुकानासमोर पंपांची रांग होती, शाळेच्या मुलांसारखी, पाठीवरचे पट्टे लोंबत. मी बोंडीले कडेवर घेऊन आली तर तीन-चार जण एका वेळी ओरडून राह्यले होते. "पवनभाऊ, माहा आधी द्या, मजूर वावरात बसून आहेत." तू म्हणत होता, "बसू द्या, बसल्यानं मजूर मरत नाई."

त्या वाक्यावर सारे हसले, मी पण हसली.

तू एक नोझल खोललं, उजेडात धरलं, तोंडाले लावलं अन् फुंकलं. फू. मग पचकन बाजूले थुंकला. मग दुसरं. फू. मी म्हणलं, "ईऽऽ, तोंडानं कायले फुंकतो, तार घाल ना."

"तारेनं भोक मोठं होते. मग धार पडते, फवारा नाई पडत. लोकं शिव्या देतात."

"अरे, पण औषध असते ना त्यात."

"धुतलेलं असते. अन् बाबा पण असेच फुंकत. तोंडाले अंदाज असते, तुले नाई समजणार. तू व्हिडिओ काढ."

अन् मी काढला, दादा. तू गमतीनं म्हणला अन् मी खरंच काढला, कारण तितक्यात बोंडीनं तुह्याकडे पाहून ओठांचा चंबू केला होता. तू फू केलं, तिनं थुंकी उडवत फू केलं. तू परत, ती परत. आठ महिन्यांची पोट्टी! मी नुसती किंचाळत होती, "अरे पाहा, पाहा." बावीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. शेवटी ती तुह्या हातातल्या नोझलकडे झेपावते अन् तू हात एकदम पाठीमागे नेतो. आवाज स्पष्ट आहे. "हे नाई बोंडे. हे विष आहे."

साऱ्या दुकानात, साऱ्या गावात त्याले औषध म्हणतात. तू पण औषधच म्हणे. तो शब्द मी तुह्या तोंडून तेवढा एकदाच ऐकला. तिच्यासाठी विष होतं, तर तुह्यासाठी काय चहा होता का? हे मी तवाच विचारायले पाहिजे होतं. मी काय केलं? स्टेटस ठेवलं. "मामाची असिस्टंट." पन्नासेक जणांनी हसणारे चेहरे पाठवले. मी एकेकाले उत्तर दिलं.

अन् त्याच दिवशी जेवताना तो दात.

आई तिले वरण-भात चारत होती. चमचा टक वाजला. आईनं बोट फिरवलं अन् तिचा चेहराच उतरला. "वरचा आहे." मी म्हणलं, "मग?" "मग काय, मग? खालच्याच्या आधी वरचा आला तर मामाले जड असते. चांदीची वाटी द्या लागते मामानं. वाटी देईपर्यंत मामानं तोंड पाहू नाई." आई उठून तुह्या अन् बोंडीच्या मधे उभी राह्यली. आपली आई, दादा, जिनं बाबा गेल्यावर दुकानाचं शटर स्वतः उघडलं, ती एका दातासमोर पदर पसरून उभी होती.

तू काय केलं? बाजूनं आला, हात धुतले, दोनदा, बोंडीले उचललं, तिचे ओठ वर केले अन् डोळा लावून आत पाहिलं, जसा नोझलमधे पाहतो तसा. "बाप्पा! हा तर दात आहे. मले वाटलं वाघ आहे." अन् तिच्यापुढं बोट धरलं, "घे, चाव, होऊन जाऊ दे."

"हसू नको," आई म्हणे.

"सीझन संपला की वाटी आणतो ना, आई. आता दुकान सोडून सोनाराकडं कुठं जाऊ."

त्यानंतर पंधरा-वीस दिवस. बस तेवढेच.

आधी तुले फक्त घाम. मग डोळ्यासमोर अंधारी, मग उलट्या. उमरखेड, तिथून यवतमाळ. मी नेरहून पोचली तवा तू काचेच्या पलीकडं होता, तोंडात नळी. तिथं रांगेनं माणसं होती तशी, सारी वावरातून आलेली. डॉक्टरनं विचारलं, "कधीपासून फवारत होते?" आई म्हणाली, "तो वावरात पाय ठेवत नाई साहेब. त्याचं दुकान आहे." डॉक्टर म्हणे, अंगात तर भिनलेलं आहे, एका दिवसाचं नाई. आई एकच म्हणे, "कुठून येईन? तो फवारतच नाई."

मी बाजूले उभी होती. कसम, मले तवा सुचलंच नाई. मी फक्त तुहे हात पाहत होती. नखांत काळं होतं. मले वाटत होतं, याले कोणीतरी साबण द्या.

तिसऱ्या दिवशी तू गेला.

मग लोकांना तर काहीतरी पाहिजे ना. वावरात न जाणारा माणूस, एकोणतीस वर्षांचा, लग्न ठरत आलेलं, असा कसा जाते? चौदाव्या दिवसापर्यंत उत्तर सापडलं. कोणी मोठ्यानं म्हणलं नाई. बाया यायच्या, माह्याजवळ बसायच्या, अन् नजर बोंडीच्या तोंडावर. ती हसली की दात दिसे, तवा एकटाच होता, वरचा. नेरले परत आली तर सासूबाई शेजारणीले सांगत होत्या, "दात वर आला तवाच मले धस्स झालं होतं." वाईट नाईत त्या. तुह्यासाठी रडल्या. पण म्हणाल्या.

आईचं सांगू का? आईनं तिले घेतलं नाई, दादा. तू गेला त्या दिवसापासून एकदाही नाई. मी मांडीवर ठेवली की ती पाणी आणायले उठे. इकडं आल्यावर फोन करे तर फक्त माहीच तब्येत विचारे. व्हिडिओवर बोंडी आली की, "रेंज नाई वं," अन् कट. हिचं पहिलं टाटा, हिचा उंबरा, हिचे सात आकडे, सारं मी आईले टाइप करून पाठवलं. निळ्या टिका दिसत. उत्तर नाई.

मी तुह्यासाठी रडू का आईसाठी, मले समजेच ना. तू गेला तर गेला, आईलेही घेऊन गेला. रागच आला मले तुहा. खोटं कायले बोलू.

मग एक दिवस सचिन चहा पीत होता, कपातून वाफ निघून राह्यली होती, अन् बोंडी रांगत आली, त्याचा गुडघा धरला, ओठांचा चंबू केला. फू.

सचिन खूश. "अरे वा, कोणी शिकवलं?"

अन् मले सारं आठवलं. एकदम. नोझल, उजेड, फू, पचकन थुंकणं. बाबा पण असेच फुंकत. बारा वर्षं, दिवसाले किती पंप, अन् यंदा तर रांग. कुठून येईन म्हणत होती ना आई? तिथूनच आलं. दात नव्हताच रे. मी मोरीत जाऊन उभी राह्यली, नळ सोडला.

आता तू म्हणशीन, मग सांगून टाकायचं ना. हो ना. सांगितलं असतं तर पोट्टी त्याच दिवशी सुटली असती. पण मग लोकं काय विचारतीन? तू तर तिथंच होती, पाहत होती, मग हात काहून नाई धरला? व्हिडिओ काढत बसली? म्हणून मी चूप राह्यली. दीड महिना. अकरा महिन्यांच्या लेकरावर आळ राहू दिला अन् स्वतः वाचली. हे कोणाले माहीत नव्हतं, तुलेच पहिल्यांदा सांगून राह्यली.

मग जावळ आलं. वाढदिवसाच्या आत काढा लागते अन् मामाच्या मांडीवरच काढा लागते, हे काय तुले सांगू. तू तर सहाव्या महिन्यातच म्हणला होता, "मी जुनी पँट घालून येईन, पोरगी मुततेच." सासूबाई म्हणाल्या, "सचिनच्या मामाले बोलावू." चांगला माणूस आहे तो. पण मी म्हणलं, नाई. मोठ्यानं म्हणलं, सारे पाहत राह्यले. मी आईले फोन केला, म्हणलं, "रविवारी जावळ आहे. तू ये. नाई आली तर मी तिचे केस काढणारच नाई, झिपऱ्या वाढू देईन, शाळेत तशीच पाठवीन."

आई आली. पहाटेच्या बसनं निघून, साडेदहाले दारात. बोंडीनं तिच्याकडं पाहिलं अन् टाटा केला. आलेल्या माणसाले टाटा! आई पाणी प्यायले स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेली, दार लोटलं, अन् काही न बोलता फोन तिच्या हातात दिला. बावीस सेकंद.

आईनं पाहिला. परत पाहिला. मी म्हणलं, "दात नव्हता, आई. हे होतं. अन् मी पाहत होती, मी काही केलं नाई." मले वाटलं आता मारन. मारावं असंच वाटत होतं.

आई म्हणाली, "मले माहीत आहे."

"काय?"

"अकरा अन् चार, दोन टायमाले मी चहा नेत होती ना दुकानात. तो फुंके, थुंके, अन् कप घे. मी म्हणे, चूळ भर रे. भरली का नाई ते पाहत नव्हती. घरी दूध उतू जाईन म्हणून निघून ये." तिनं फोन पालथा ठेवला. "त्याच्या बापानं त्याले फुंकणं शिकवलं तवाही मी दारात उभी होती. हसली होती मी. तुह्यासारखीच."

"दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, तवाच मले समजलं. पण तोंडातून निघेना. मग बाया दाताचं बोलू लागल्या. दात बरा होता, पिंके. दात म्हणलं की कोणाचीच चूक नाई. माही नाई, तुही नाई, त्याची नाई."

"अन् बोंडीची?"

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "न्हावीबुवा आले वं." आई उठली, बेसिनजवळ गेली अन् साबण घेतला. हात धुतले. तळवे, बोटांच्या मधलं, नखं. वास घेतला. परत साबण लावला. मी पाहत होती. ते तुहे हात होते, दादा, मोरीतले.

बाहेर पाट मांडला होता. आई त्यावर जाऊन बसली अन् हात पुढं केले. "आण तिले."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, मामाची मांडी लागते हो."

"मामा ह्याच मांडीवर वाढला. चालते."

न्हावीबुवा वस्तऱ्याले पाणी लावत म्हणाले, "मांडी हलली नाई पाहिजे बस. बाकी मले सारं चालते." कोणीतरी हसलं. बरं वाटलं.

बोंडी रडली बाप्पा! पूर्ण आळी गोळा केली. आईनं तिचं डोकं असं घट्ट धरलं होतं, जसं माहं धरे तेल लावताना. काळे मऊ केस ओले होऊन आईच्या मनगटावर पडत होते. अर्धं डोकं झालं तवा बोंडी थकली, हुंदके देत देत खाली पाहू लागली. आईच्या हातावर केसांचा एक पुंजका चिकटला होता. तिनं तो पाहिला. चंबू केला. फू.

न्हावीबुवांचा हात थांबला. आईचं अंग ताठ झालं, मले इथून दिसलं. मले वाटलं, झालं, उठते आता.

केस ओले, उडतीन कसे. बोंडीनं परत फू केलं, थुंकी उडवत. आईच्या डोळ्यातून पाणी खाली, पोरीच्या अर्ध्या टकलावर. अन् मग आई खाली वाकली, तिच्या गालाले गाल लावला, म्हणाली, "अशी नाई, बोंडे. जोरानं. मामा कसा करे?" अन् दोघींनी मिळून फुंकलं.

दोन महिन्यांत पहिल्यांदा आई तिले बोंडे म्हणाली. पुंजका उडाला नाई, जरासा सरकला फक्त. पण दोघी फुंकतच राह्यल्या.

आई इथंच आहे, वाढदिवसापर्यंत थांबते म्हणे. आता आत दोघी झोपल्या आहेत, टकली आईच्या कुशीत. मी आईले विचारलं, लिहू का हे, गावच्या ग्रुपवर टाकू का. मले वाटलं नको म्हणन. आई म्हणाली, "सारं लिही. नोझलचं पण लिही. कोणाच्या घरी पंप असन तो वाचन." म्हणून लिहून राह्यली. तू अजूनही वाद घालशीन, तारेनं भोक मोठं होते म्हणून. होऊ दे ना रे मोठं. पडू दे धार. लोकं शिव्या देतीन, दोन दिवस देतीन.

गुरुवारी बोंडी एक वर्षाची होते. सचिन केक आणणार आहे, एक मेणबत्ती. ती फुंकणारच, तुहीच शिकवण आहे. सारे फोन काढतीन, मले म्हणतीन, पिंके, तू काढ, तुहा चांगला येते. या वेळी मी काढणार नाई, दादा. फोन आत ठेवीन. तिच्या अगदी जवळ उभी राहीन, हात धरता येईन इतक्या जवळ.